पन्नास हजार म्हणजे चार महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागरी (जन्म-मृत्यू) नोंदणीचा २०२१ सालचा अहवाल केंद्राने मे २०२५ मध्ये, म्हणजे तब्बल चार वर्षांनी प्रसिद्ध केला. देशात २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख ४० हजार, २०२० मध्ये ८१ लाख १६ हजार आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर मृत्यू नोंदले गेले. एका वर्षात २१ लाखांची वाढ झाली आणि त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीत कोरोनाच्या नावावर लागलेले मृत्यू मात्र साडेतीन लाखांच्या आत राहिले. ही सगळी वाढ महामारीचीच, असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्या काळात नोंदणीचे प्रमाणही सुधारत होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी दोन वर्षांत एरवीपेक्षा ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, केंद्राने तो फेटाळला. हा वाद चालत राहील. आमचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते कोरोनाने गेलेल्याच्या घराला सरकारने दिलेल्या पन्नास हजारांबद्दल आहे. संख्या कोणाचीही खरी धरा, तिच्यावरून नुकसान किती झाले हे कळत नाही. ते कळते गेलेल्याच्या वयावरून आणि त्याच्या मागे किती तोंडे होती यावरून. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांपैकी एकानेही असा हिशेब लोकांपुढे मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

बरे, हिशेबाची रीत नव्याने शोधायची आहे असेही नाही. परभणी असो की धाराशिव, जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे हा हिशेब रोज चालतो. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात (२००९) वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचे, त्याचे वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. १५ ते २५ वयाला १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५. मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा. मागे दोन-तीन अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. प्रणय सेठी निकालाने (२०१७) यात पुढच्या कमाईची वाढही धरायला लावली. स्वतःचा धंदा किंवा शेती करणारा चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के, चाळीस ते पन्नासमधला असेल तर २५ टक्के, पन्नास ते साठमधला असेल तर १० टक्के.

आता एक घर घ्या. अडतीस वर्षांचा माणूस, तीन एकर कोरडवाहू, उरलेल्या दिवसांत मजुरी. सगळे मिळून महिन्याला १२,००० रुपये. मागे बायको, दोन लेकरे आणि आई. वर्षाचे झाले १,४४,०००. त्यात ४० टक्के मिळवले की २,०१,६००. चौघे अवलंबून, म्हणून पाव भाग वजा केला की उरले १,५१,२००. गुणक १५. उत्तर येते २२ लाख ६८ हजार. अंत्यविधी, सहवासाचे नुकसान वगैरे ठरलेल्या बाबींचे आणखी ७० हजार. हा माणूस गेवराईजवळ ट्रकखाली सापडला असता तर विमा कंपनीला २३ लाखांच्या आसपास मोजावे लागले असते. तोच माणूस एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची वाट पाहत गेला. त्याच्या घराला मिळाले ५०,०००. घराच्या वाट्याचे वर्षाचे १,५१,२०० म्हणजे महिन्याचे १२,६०० होतात. पन्नास हजारांना १२,६०० ने भागून पाहा. चार महिने.

साठीपर्यंत बावीस वर्षे शिल्लक असताना गुणक पंधराच का, असे कोणी विचारेल. एकरकमी हातात आलेला पैसा बँकेत व्याज कमावतो, म्हणून पुढच्या वर्षांचे रुपये आजच्या भावाने कमी धरावे लागतात. सार्वजनिक आरोग्याच्या अर्थशास्त्रात यासाठी बहुधा ३ टक्के दर लावतात. त्या दराने २२ वर्षांचे १५.९ होतात आणि ५ टक्के दराने १३.२. न्यायालयाचा १५ हा आकडा बरोबर या दोहोंच्या मध्ये बसतो. म्हणजे कोर्टाचा तक्ता अंदाजपंचे नाही, अर्थशास्त्राला धरूनच आहे. अमेरिकेत जिवाची किंमत दुसऱ्या पद्धतीने काढतात, धोका टाळायला माणूस किती पैसे मोजायला तयार आहे यावरून. ज्या घरात दवाखान्यात जायचे की नाही हे खिशावर ठरते, तिथे ती पद्धत लावण्यात अर्थ नाही. आपल्याला कोर्टाचीच बरी.

पन्नास हजारांचा आकडा कसा आला तेही नोंदवून ठेवू. आपत्तीत मेलेल्याच्या वारसाला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ४ लाख देण्याचा निकष तेव्हा लागू होता आणि वीज पडून गेलेल्याच्या घरी ते मिळतही होते. कोरोना अधिसूचित आपत्ती, मग चार लाख का नाही, म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. एवढे दिले तर निधी रिकामा होईल, असे केंद्राने सांगितले. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने मदत द्या म्हणून सांगितले, रक्कम मात्र सरकारवर सोडली. सप्टेंबरात ५०,००० ठरले आणि ४ ऑक्टोबरला त्यावर शिक्कामोर्तब झाले. निधीची अडचण खोटी नव्हती. महाराष्ट्राची अधिकृत मृत्युसंख्या १ लाख ४८ हजारांच्या घरात, तिला चार लाखांनी गुणले तर ५,९२० कोटी होतात. पन्नास हजारांनी ७४० कोटी. (मदतीसाठी अर्ज मात्र दोन लाखांहून जास्त आले, हेही विसरू नये.) पण त्याच काळात कोविड कामावर असताना गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या घरासाठी ५० लाखांचा विमा होता, आणि तो योग्यच होता. शंभर पटीचा हा फरक कोणत्या हिशेबाने आला, ते कुठेच मांडलेले नाही. सगळ्यांना सारखी रक्कम देणे दिसायला न्यायाचे दिसते. सत्तरीतल्या पेन्शनराच्या घरालाही पन्नास आणि तिशीतल्या मजुराच्या घरालाही पन्नास, यात न्याय कुठे आहे?

वयाचा हा फरक किती पडतो ते पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार मृतांपैकी ५३ टक्के साठीच्या पुढचे, ३५ टक्के ४५ ते ६० मधले आणि उरलेले १२ टक्के त्याहून लहान होते. युरोपात साठीच्या आतले मृत्यू फार कमी. आपल्याकडे ते निम्म्याला टेकलेले. आता एखाद्या तालुक्यात ३०० मृत्यू धरू. हा तालुका उदाहरणापुरता. याच प्रमाणात वाटणी केली तर १६० साठीपुढचे, १०५ मधले, ३५ तरुण. वर दाखवलेल्या रीतीने तरुणामागे सरासरी २२ लाख, मधल्या वयाला १३ लाख (पन्नाशीच्या माणसाचे साडेसतरा येतात, अठ्ठावन्नच्या माणसाचे, मागे दोन-तीनच अवलंबून धरून, साडेनऊ), आणि म्हाताऱ्या माणसाची कमाई निम्मी धरून अडीच लाख. बेरीज सव्वापंचवीस कोटींवर जाते. त्यातले २१ कोटी ३५ लाख साठीच्या आतल्यांचे. म्हणजे मृत्यूंत ४७ टक्के, नुकसानीत ८४ टक्के. सरकारी मदत दीड कोटी, नुकसानीच्या सहा टक्क्यांनाही थोडी कमी. मराठवाड्यात तालुके ७६ आहेत. प्रत्येकाचे खरे आकडे भरून हे गणित करायला तहसिलातल्या एका लिपिकाला आठवडा पुरेल.

या सूत्राच्या नजरेतून काय सुटते, ते मात्र सांगितलेच पाहिजे, नाहीतर आमच्यावरही तोच आरोप येईल. पहिली सुटते ती बाई. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती प्रकरणात पुन्हा बजावले की घरकाम करणाऱ्या स्त्रीचेही उत्पन्न धरा आणि त्यात पुढची वाढही मिळवा. महिना ८,००० धरले तरी बत्तीस वर्षांच्या बाईचे, चार अवलंबितांच्या घरात, १६ लाख १३ हजार येतात. आपल्याकडची बाई नुसते घरकाम करते असे तरी कुठे आहे? कापूस वेचणी, सोयाबीनची खुरपणी, दोन शेळ्या, बचत गटाचा हप्ता, सगळे तिच्याच अंगावर. मृत्यूच्या नोंदीत मात्र व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ किंवा कोरे.

दुसरा सुटतो तो ऊसतोडीचा हिशेब. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती कोयत्याच्या नावावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधून वाहतो. त्यातला एक गेला की उरलेला ‘अर्धा कोयता’. अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला मुकादम कचरतो, कारण गाडी भरण्याचा वेग पडतो. उचलीची बाकी मात्र अर्धी होत नाही, ती सगळी पुढच्या हंगामावर चढते. धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या पट्ट्यात म्हणूनच एका मृत्यूचे आर्थिक नुकसान एका माणसाच्या मजुरीएवढे नसते, जोडीच्या मजुरीएवढे असते. न्यायाधिकरणाचा तक्ता यावर गप्प आहे. आणि म्हातारी माणसे? अडीच लाख म्हणून आम्हीच वर लिहिले. पण आई-बाप तोडीला गेल्यावर गावात लेकरांना सांभाळून शाळेत धाडणारी आजी गेली, तर दिवाळीनंतर ती लेकरे कारखान्याच्या तळावर कोपीत असतात आणि शाळेच्या हजेरीपटावर सहा महिने गैरहजर. त्या आजीची कमाई कागदावर शून्य.

शेतीचे नुकसान वेगळ्या वाटेने येते, आणि इथे दुसऱ्या लाटेची वेळ फार वाईट पडली. एप्रिल-मे २०२१ म्हणजे सोसायटीचे नवे-जुने (जुने पीककर्ज फेडून नवे उचलणे) करण्याचा आणि मृगाच्या पेरणीची तयारी करण्याचा काळ. कर्जदारच गेला तर नवे-जुने कोणाच्या सहीने? त्यासाठी आधी सातबाऱ्यावर वारस लागायला हवेत. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, गाव नमुना ६-क मध्ये नोंद, मंडळ अधिकाऱ्याची चौकशी, मग फेरफार, त्यावर पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर प्रमाणित. सगळे सुरळीत चालले तरी महिना-दीड महिना. तेव्हा कार्यालये अर्ध्या माणसांवर चालत होती. दाखल्यात आणि सातबाऱ्यात नावाचा एक काना-मात्रा वेगळा असला, किंवा जमीन अजून आज्याच्याच नावावर असली, की महिन्याचे वर्ष होते. जमीन आज्याच्या नावावर असण्याचे प्रमाण आपल्याकडे फार मोठे आहे, हे तलाठ्याला विचारा.

एवढ्यात पाऊस पडतो. मुदतीत फेडलेल्या पीककर्जाला तीन लाखांपर्यंत व्याज सवलतीमुळे शून्य टक्के पडते. थकले की पूर्ण व्याज, आणि नवे कर्ज बंद. मग बियाणे-खताला ६०,००० रुपये बाहेरून उचलायचे, शेकडा ३ रुपये महिन्याने. महिन्याला १,८०० व्याज. जूनपासून जानेवारीपर्यंत आठ महिन्यांचे १४,४००. हे सगळे, एक माणूस चुकीच्या महिन्यात गेला म्हणून. ज्या घरात दुसरा कर्ता पुरुष नाही, तिथे वावर बटईने जाते. तीन एकरांत एकरी ६ क्विंटल सोयाबीन धरले तर १८ क्विंटल, अर्धे बटईदाराचे. त्या वर्षी हमीभाव ३,९५० होता. ९ क्विंटलचे ३५,५५० रुपये दरवर्षी घराबाहेर. बैलजोडी विकली जाते ती याच पहिल्या पावसाळ्यात, आणि एकदा वावर बटईने गेले की पोरगा शेतीच्या वयाचा होईपर्यंत परत घरच्या औताखाली येत नाही.

शेतीत जास्तीचे हात आहेत, एक गेला तर काय अडते, असा युक्तिवाद शहरात बसून करणारे आहेत. तो जुना आहे, आणि त्याची परीक्षा नेमकी महामारीवरच झालेली आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे नेली, आणि ती साथ विशेष करून वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर पडली होती. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची लोकसंख्या १९११ च्या १ कोटी ३३ लाखांवरून १९२१ मध्ये १ कोटी २४ लाखांवर आली. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी नंतर याच साथीचे आकडे घेऊन पाहिले की माणसे गेल्यावर पेरा घटला का. हात जास्तीचे असते तर घटायला नको होता. घटला होता. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये त्यांच्या हिशेबावर आक्षेप घेतला, तो वाद तांत्रिक आहे. आपल्या कामाचे एवढेच की शंभर वर्षांपूर्वीसुद्धा कोणालाही माणसांच्या मृत्यूची सांगड पेऱ्याशी घालून पाहता येईल इतके आकडे सरकारदप्तरी होते. २०२१ च्या खरिपासाठी तसा तक्ता तालुक्यात मागून पाहा.

दवाखान्याच्या बिलावर थोडक्यात. राज्याने १ जून २०२१ पासून खासगी रुग्णालयांचे दर शहराच्या वर्गाप्रमाणे ठरवले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेड ‘ब’ वर्गात, साधा वॉर्ड दिवसाला ३,०००, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता ६,७००. पाच दिवस वॉर्ड आणि सात दिवस व्हेंटिलेटर म्हणजे सरकारी दरानेही ६१,९००, महागडी औषधे वेगळी. मिळालेली मदत या नुसत्या खाटेच्या बिलालाही पुरत नाही. मृत्यूच्या आर्थिक नुकसानीत हा खर्च मिळवायचा की नाही यावर दोन मते आहेत. आम्ही तो वेगळा ठेवतो, कारण बरा झालेल्यालाही तो लागलाच. फरक इतकाच की बरा झालेला ते कर्ज फेडायला कामावर जातो.

आता नोंदीकडे येऊ, कारण सगळे गाडे तिथेच अडते. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ भरतात, घरी झाला आणि डॉक्टरने पाहिलेले असेल तर ४-अ. त्यात पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. सर्वांत वर ज्याने प्रत्यक्ष मृत्यू झाला ते, आणि खाली खाली उतरत मूळ कारण. दुसऱ्या भागात मधुमेह, रक्तदाब अशी जोडीची दुखणी. होते काय, की पहिल्याच ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडतात. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते कारण नव्हे. संसर्ग, त्यातून न्यूमोनिया, त्यातून श्वसन निकामी, अशी साखळी लिहिली तरच मूळ कारणाला यू०७.१ (तपासणीत सिद्ध) किंवा यू०७.२ (लक्षणांवरून) हे संकेतांक लागतात. ती लिहिली नाही तर तो मृत्यू आकडेवारीत हृदयविकाराच्या रांगेत जाऊन बसतो. घरी गेलेल्याच्या बाबतीत ग्रामसेवकाच्या नमुना २ (मृत्यू अहवाल) मध्ये ‘ताप’ किंवा ‘दम लागून’ एवढेच.

याच ठिकाणी एक गैरसमज हजारो घरांना नडला. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेले नाही म्हणून अर्जच केला नाही, असे लोक सांगत. दाखल्यावर कारण कधीच नसते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमाने ते छापायलाच मनाई आहे. कारण असते नमुना ४ वर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, ती मागून घ्यावी. मदतीच्या नियमानुसार तपासणीत बाधित आढळल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी का होईना, धरला जातो. कागदावरून वाद झाला तर जिल्हा समितीकडे जायचे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये अर्जाला मुदत घातली, पण उशिराचे कारण पटण्याजोगे असेल तर तक्रार निवारण समितीपुढे जाण्याची वाट ठेवली.

मदत कशी असायला हवी याचा नमुना आपल्याच देशात, त्याच साथीत तयार झाला होता. राज्य कामगार विमा महामंडळाने २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांसाठी योजना लागू केली. विमाधारक कामगार कोरोनाने गेला तर त्याच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम अवलंबितांना दरमहा, किमान १,८००. एकाच घरातले दोन भाऊ धरा. थोरला वाळूजला कंपनीत १५,००० वर, धाकटा गावाकडे तीन एकर करणारा. दोघेही एकाच आठवड्यात गेले. थोरल्याच्या घरी महिन्याला साडेतेरा हजार येत राहतील, धाकट्याच्या घरी एकदाच पन्नास हजार. चौथ्या महिन्यापर्यंत दोघांच्या बायकांचे बरे चालते. पाचव्यापासून फरक पडतो.

शेतकऱ्याला अपघाताची मदत आहे. साप चावला, विहिरीत पडला, वीज पडली तर २ लाख. आजाराला नाही. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत कर्ता १८ ते ५९ वयात गेला तर २०,००० मिळतात, पण घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवे, आणि ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची. संजय गांधी निराधार योजनेत त्या वर्षांत महिन्याला १,००० मिळत होते. उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. आठवड्यातून दोन दिवस रोजगाराला जाणारी बाईसुद्धा या अटीत बसत नाही. मग तहसिलात उत्पन्नाचा खोटा दाखला काढायची पाळी तिच्यावर येते, आणि नंतर तोच दाखला शिष्यवृत्तीच्या वेळी आडवा येतो. बालसंगोपन योजना त्यातल्या त्यात बरी. एक पालक गेलेल्या लेकरालाही लागू, २०२१ मध्ये महिना १,१०० होते, २०२३ मध्ये २,२५० झाले. सहा वर्षांच्या मुलाला अठरापर्यंत बारा वर्षे धरली तर ३ लाख २४ हजार होतात. पन्नास हजारांहून साडेसहा पट, आणि तिजोरीवर एकदम ओझेही नाही. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्राने तेविसाव्या वर्षी १० लाख आणि राज्याने ५ लाखांची ठेव जाहीर केली, त्याची बातमी मोठी झाली. एक पालक, बहुतेक वेळा बाप गेलेली घरे त्याहून कितीतरी जास्त आहेत. त्यांची बातमी झाली नाही.

तेव्हा मागणी अशी. नमुना २ मध्ये वय आणि व्यवसाय हे रकाने आजही आहेत. ते कोरे घेऊ नयेत. त्याला शिधापत्रिकेवरून अवलंबितांची संख्या आणि धाकट्या मुलाचे वय एवढे दोन रकाने जोडावेत. यासाठी नवा कायदा लागू नये, ग्रामसेवकाला एक परिपत्रक पुरे व्हावे. त्यावरून जिल्ह्याने दर तीन महिन्यांनी तालुकावार, गमावलेली कमाईची वर्षे आणि गुणकाने येणारी रक्कम जाहीर करावी. साथ नसतानाही करावी. क्षयाचे उदाहरण घ्या. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख माणसांचा क्षय बरा झाला नव्हता, तपासणी बंद होती. त्यातले किती जण पुढच्या दोन वर्षांत तरुण वयात गेले, हे अशा तक्त्यावरून जिल्ह्याला घरबसल्या दिसले असते. आणि पुढच्या साथीत मदत द्यायची वेळ आली तर ती एकरकमी न देता धाकट्या मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत दरमहा द्यावी. फेरफार होईपर्यंत कर्त्याच्या मृत्यूनंतरचा पहिला हंगाम सोसायटीने वारसांच्या हमीपत्रावर कर्ज चालू ठेवावे. यात जिल्हा बँकेची जोखीम फार नाही, कारण जमीन कुठे जात नाही.

आपले,
अपघात दावे, सहकारी पतपुरवठा व जन्म-मृत्यू नोंदणी या कामांतले तीन वाचक,
लातूर

ता. क. : ज्या घरात २०२० ते मे २०२२ या काळात पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस गेला, त्यांनी त्याचे जुने पासबुक काढून मे-जूनचे पान पाहावे. ३३० रुपयांची वजावट दिसली तर ती जीवनज्योती विम्याची, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाखांची. १२ रुपयांची असेल तर ती फक्त अपघाताची, कोरोनाला उपयोग नाही. दोन्ही मिळून ३४२ होतात. खात्यात त्या दिवशी शिल्लक नसेल तर वजावट होत नाही आणि त्या वर्षीचा विमा नसतो, मग आधीची पाच वर्षे भरलेली असली तरी. कंपनीतल्या किंवा ठेकेदाराकडच्या कामगाराचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्यामागे वेगळा हप्ता न भरता ठेवसंलग्न विमा असतो, कमाल ७ लाखांपर्यंत. त्याला नमुना ५-आयएफ लागतो. निधीचे पैसे काढून आणलेल्या अनेक घरांनी हा नमुना भरलेलाच नाही. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जासोबतही बऱ्याचदा विम्याचा हप्ता आधीच कापलेला असतो. कर्जाच्या पहिल्या दिवसाची पावती पाहावी, हातात आलेली रक्कम मंजूर रकमेपेक्षा थोडी कमी का होती ते तिच्यावर लिहिलेले असते.